सांध्यांची सूज हटत नाही? आधी या चुका टाळा

‘औषधं चालू आहेत, तरी सूज काही उतरत नाही’ असं सांगत येणाऱ्या आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या बऱ्याच रुग्णांचा आजार मुळात हट्टी नसतोच. उपचार अर्धवट झालेले असतात. मी रोज संधिवाताची ओपीडी पाहते आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात. सूज नुसती दुखून थांबत नाही. सांध्याचं फुगलेलं अस्तर शेजारची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, आणि हाड पोखरत राहतं, आणि पोखरलेला सांधा पूर्ववत होत नाही. म्हणून वाया गेलेल्या प्रत्येक महिन्याचा मला राग येतो.

‘हे औषध लागू पडलं नाही’

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एक शिक्षिका जाडजूड फाइल घेऊन आल्या होत्या. खडू धरवत नव्हता. ‘डॉक्टर, गोळ्या सगळ्या करून झाल्या. आता ते मोठं इंजेक्शनच लिहून द्या.’ फाइलवर आधीच्या कुणीतरी तीन औषधांपुढे ‘फेल’ लिहून ठेवलेलं.

मी त्यांना मूठ वळायला सांगितली. निरोगी हाताची मूठ वळली की बोटांच्या मुळाशी उंचवटे उठून दिसतात आणि त्यांच्यामध्ये खळगे पडतात. यांच्या दोन्ही हातांवर खळगे नव्हतेच, सगळं सपाट भरून आलेलं. म्हणजे सूज खरी होती, यात वाद नव्हता. मग फाइल पानापानाने वाचली. मेथोट्रेक्सेट आठवड्याला साडेसात मिलिग्रॅमवर सुरू झालं होतं आणि तिथेच राहिलं होतं. सोबत फोलिक अॅसिड नव्हतं, मळमळ व्हायला लागली, दुसऱ्या महिन्यात बाईंनी बंद केलं. सल्फासॅलाझिन पूर्ण मात्रेच्या निम्म्यावर. लेफ्लुनोमाइड तीन आठवड्यांत सोडलेलं, केस गळतील या धास्तीने. एकही औषध पुऱ्या मात्रेत आणि पुरेसा काळ पोटात गेलेलं नव्हतं.

यकृत, किडनी आणि रक्तपेशींच्या तपासण्या करून मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू केलं, फोलिक अॅसिडसह. आठवड्याला पंधरा मिलिग्रॅमच्या वर गेलं की गोळीतलं औषध आतड्यातून नीट शोषलं जात नाही, म्हणून पुढे तेच औषध कातडीखालच्या इंजेक्शनाने वीस मिलिग्रॅमपर्यंत नेलं. त्याने मळमळही आटोक्यात राहिली. तिसरा महिना संपता संपता त्यांच्या मुठीवर खळगे दिसायला लागले. मोठ्या इंजेक्शनाची गरज पडली नाही.

माझी सवय अशी की प्रत्येक जुन्या औषधापुढे तीन गोष्टी लिहायच्या : सर्वांत जास्त मात्रा किती होती, किती आठवडे घेतलं, का थांबवलं. हे तीन रकाने भरल्याशिवाय ‘फेल’ हा शब्द मी मानत नाही. या औषधांचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलणाऱ्याचं प्रत्येक ठिकाणी पहिलंच पान सुरू होतं. उलट बाजूही तितकीच खरी. पुऱ्या मात्रेत तीन महिने घेऊन काहीच सुधारणा नसेल, किंवा सहा महिन्यांत आजार शांत झाला नसेल, तर त्याच औषधावर रेंगाळणं हीदेखील चूकच. मग दुसरं औषध जोडा, नाहीतर बायोलॉजिककडे, म्हणजे त्या ‘मोठ्या इंजेक्शना’च्या जातीच्या औषधांकडे वळा. क्षयाची तपासणी न करता मात्र बायोलॉजिक सुरू करू नका. दबून बसलेला क्षय त्याने डोकं वर काढू शकतो.

आठवड्याची गोळी रोज घेणं

इथे माझा आवाज चढतो, आणि चढायलाच हवा. आमवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी कोसळतात, तोंड सोलवटून निघतं आणि जीव जाऊ शकतो. चिठ्ठीवर आणि पाकिटावर वाराचं नाव अक्षरात लिहून घ्या. शक्यतो एकाच ताकदीच्या गोळ्या ठेवा, अडीच आणि दहाची सरमिसळ नको. फोलिक अॅसिड वेगळ्या वारी. तोंडात फोड, ताप किंवा अंगावर निळे डाग दिसले तर पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी रक्त तपासा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कुणी ट्रायमेथोप्रिम असलेलं औषध लिहीत असेल, तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचं आधी सांगा. या दोघांची जोडी घातक ठरते.

दुखणं मोजायचं, सूज नाही

वेदनाशामक गोळीने दुखणं दबतं, हाड पोखरणं थांबत नाही. उलट, दुखतंय म्हणजे सूजच आहे असंही नाही. जुन्या आमवातात झिजलेला सांधा दुखतो, फायब्रोमायल्जिया या सूज नसलेल्या दुखण्याने सगळं अंग दुखतं, आणि अशा वेळी आमवाताची औषधं वाढवत नेली तर दुष्परिणाम तेवढे वाढतात. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकतो का, सांधा दाबल्यावर मऊ, पिठाच्या गोळ्यासारखा लागतो का, रक्तातला सूज दाखवणारा सीआरपी वाढलेला आहे का, हे पाहायचं. शंका राहिली तर सोनोग्राफी. सांधे हाताने मोजायला पर्याय नाही. ‘डास २८’ या मोजमापात अठ्ठावीस सांधे तपासतात. आकडा ३.२ च्या खाली आला तर आजार सौम्य, २.६ च्या खाली आला तर शांत.

ही मोजणी म्हणजे कागदी घोडे नव्हेत. २००४ साली ग्लासगोच्या डॉक्टरांचा ‘टिकोरा’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना उपलब्ध औषधं साधारण तीच, जुनीच. एका गटाला दर महिन्याला तपासलं, आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर दिसला की उपचार वाढवले, सुजलेल्या सांध्यांत इंजेक्शनं दिली. दुसऱ्या गटाचे उपचार नेहमीच्या पद्धतीने चालले. दीड वर्षाने पहिल्या गटात ६५ टक्के लोकांचा आजार शांत झाला होता, दुसऱ्यात १६ टक्के. ‘बरं वाटतंय ना? मग तेच चालू ठेवा’ एवढ्यावर भेट संपवणाऱ्या डॉक्टरांनी हे आकडे टेबलासमोर लावून ठेवावेत.

स्टेरॉइडवर मुक्काम

१९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने खिळलेल्या एका रुग्ण महिलेला प्रथम कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये नोबेल मिळालं. पण दीर्घकाळ चढ्या मात्रेत दिल्यावर काय होतं, तेही पुढे लवकरच दिसून आलं. ती पहिली जादू आजही लोकांना भुलवते. दोन दिवसांत उठवणारी गोळी कुणाला नको असते? मग बाकीची औषधं सुटतात, ती एकच उरते, आणि काही वर्षांनी हाडं ठिसूळ, साखर वाढलेली, मोतीबिंदू अशी रांग लागते. कमी मात्रेतलं स्टेरॉइड मुख्य औषधाचा गुण येईपर्यंतचे आठवडे निभावून न्यायला उत्तम आहे, म्हणून चिठ्ठीवर सुरू करतानाच कमी करण्याच्या तारखा मी लिहून देते. आणि बरेच आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एका दिवसात तोडू नका. शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे अंगातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवायचं विसरलेलं असतं.

काही गोष्टी थोडक्यात. सिगारेट ओढत राहिलात तर आजार चिघळतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. मूल हवं असेल तर आधी सांगा, मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड दोन्ही गर्भाला घातक आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे आमवाताचंच आणखी एक औषध वर्षानुवर्षं घेत असाल तर डोळ्यांची तपासणी चुकवू नका. बरं वाटलं म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नका.

एकच सांधा तापलाय, आणि म्हणे आमवात उसळला

बायोलॉजिकवर असलेले एक गृहस्थ. बाकी सगळे सांधे थंड, उजवा गुडघा मात्र चेंडूएवढा. दुसरीकडे कुणीतरी ‘आमवात उसळला’ म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वाढवून दिलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पाय टेकवेना. आमच्याकडे आले तेव्हा अंगात ताप नव्हता, पण स्टेरॉइड आणि बायोलॉजिक दोन्ही ताप झाकतात. सुई घातली. आमवाताच्या गुडघ्यातून सहसा पिवळसर, थोडं गढूळ, पातळ पाणी येतं. इथे सिरिंजमध्ये घट्ट पू आला. तातडीने गुडघा धुतला, शिरेतून अँटिबायोटिक दिलं, गृहस्थ वाचले. पण मधल्या दिवसांत जंतूंनी कूर्चा खाल्ली होती, आणि तो गुडघा आता पुरता वाकत नाही.

आमवाताच्या रुग्णांना सांध्यात जंतुसंसर्ग होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणून बाकी सांधे शांत असताना एकच सांधा अचानक फुगला, लाल झाला, हात लावू देत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आधी सुई, मग स्टेरॉइड, हा क्रम उलटा होऊ देऊ नका. पाण्यात पू निघाला नाही आणि जंतू नाहीत हे पक्कं झालं, तर त्या हट्टी सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन सुंदर काम करतं आणि बाकी औषधं वाढवायची वेळही टळते. अहवाल येईपर्यंत बायोलॉजिकचा पुढचा डोस घेऊ नका, आणि तो थांबवल्याचं तुमच्या संधिवाततज्ज्ञांना फोन करून कळवा.