कुस्ती मैदानाचा हौदा कसा तयार करावा

कोल्हापूरचं खासबाग मैदान राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलं. गोल, उतरत्या बैठकीमुळे कुठूनही कुस्ती दिसते. पण वर छत नाही, म्हणून कुस्त्यांआधीची खरी काळजी हौद्यातल्या, म्हणजे कुस्ती खेळतात त्या आखाड्यातल्या, मातीची.

तांबडी माती बारीक चाळा. मग ओंजळीत घेऊन चुरडा. खडा, काच, मुळी हाताला लागली तर पुन्हा चाळा. एवढासा खडाही पैलवानाचा गुडघा सोलतो. मोकळ्या मातीचा थर निदान फूटभर हवा. खाली टणक जमीन लागली की ढाक (उचलून आपटण्याचा डाव) बसताना खांदा दुखावलाच म्हणून समजा.

ताक, हळद, लिंबाचा रस आणि गोडंतेल थोडं थोडं शिंपडत खोऱ्यानं माती खालीवर करा आणि रात्रभर मुरू द्या. तेलात मात्र हात आखडता ठेवा, नाहीतर माती निसरडी होते.

आता मूठ आवळून बघा. गोळा व्हायला हवा आणि अंगठ्यानं दाबताच फुटायला हवा. फुटला नाही तर माती ओली आहे, पाय घसरणार. गोळाच झाला नाही तर धुरळा डोळ्यांत आणि छातीत जाणार. पाण्याचा हलका शिपका द्या.

कुस्त्यांच्या दिवशी सकाळी हौदा पूर्ण उकरा, फळीनं सपाट करा. दर चार-पाच कुस्त्यांनी पुन्हा खोरं फिरवा, कारण तुडवून माती दबते.

आभाळ भरलं की ताडपत्री टाका, मधोमध उंच धरून, म्हणजे पाणी साचत नाही. तरी भिजलीच तर चिखल तुडवू नका. ओला थर काढून राखून ठेवलेली कोरडी माती मिसळा.