रेकॉर्डिंग करताना गिटार उशिरा ऐकू येते? आधी आवाजाची वाट शोधा

नवा ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) आला, केबल लावली, सॉफ्टवेअर उघडलं, आणि पिक मारल्यावर सूर कानात जरा थांबून येतोय. माझ्याकडे गिटार शिकायला येणाऱ्यांपैकी ज्यानं घरी रेकॉर्डिंग सुरू केलं, त्याचा हा फोन ठरलेला. पुढचं वाक्यही ठरलेलं: "सर, बफर कमी करून पाहिला, काही फरक नाही."

बफर (कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे पाठवतो तो आकडा) हे उत्तर चुकीचं नाही, पण ते पहिलं नाही. पिकपासून कानापर्यंत सूर कुठल्या वाटेनं येतोय हे कळल्याशिवाय एकही सेटिंग हलवू नका. नाहीतर अर्धा दिवस मेनू उघडझाप करण्यात जातो आणि शेवटी नेमकं कशानं सुटलं तेही कळत नाही.

वाट शोधायला कानच पुरे. इलेक्ट्रिक गिटार घ्या, हेडफोनची एक बाजू कानावरून बाजूला सरकवा. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून ठेवा, म्हणजे सूर न निघता फक्त पिकची "टक" येईल. एका कानाला लाकडाची टक ऐकू येते, दुसऱ्याला कॉम्प्युटरमधून आलेली. दोन्ही एकच वाटल्या तर उशीर साधारण 10 मिलिसेकंदांच्या आत आहे, आणि अडचण बहुधा तुमच्या तालात आहे (हे मी फोनवर बोलत नाही). "ट-टक" अशा दोन सुट्ट्या आल्या तर उशीर खरा आहे, या लेखातला बराचसा भाग तुमच्यासाठी.

तिसरा प्रकार वेगळा. आता हेडफोन दोन्ही कानांवर नीट लावा आणि एक कॉर्ड वाजवा. सूर वेळेवर येतोय, पण पोकळ, फ्लँजर लावल्यासारखा? मग तुम्हाला गिटार दोनदा ऐकू येतेय. एक वाट इंटरफेसच्या आतल्या आत, डायरेक्ट मॉनिटरची. दुसरी सॉफ्टवेअरमधून फिरून येणारी. फोकसराइट स्कार्लेटसारख्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण पुढेच असतं. ते बंद करा, नाहीतर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवरचं मॉनिटरिंगचं (वाजवताना स्वतःला ऐकण्याचं) स्पीकरचं चिन्ह बंद करा. दोन्हींपैकी एकच चालू ठेवायचं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये कुणी कधीतरी "लिसन टू धिस डिव्हाइस" वर टिक करून ठेवलेली असते, तीही पाहून घ्या. ती तिसरी वाट, आणि सगळ्यांत रेंगाळणारी.

आणखी एक, हे मला दर वेळी विचारावं लागतं: हेडफोन कुठे लावलाय? ब्लूटूथचा असेल तर पुढचं काही वाचू नका. ब्लूटूथमध्ये आवाज आकुंचित करून पाठवायचा आणि पुन्हा उलगडायचा यात सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद जातात. सिनेमा बघताना ओठ जुळतात ते व्हिडिओच मागे सरकवला जातो म्हणून. गिटारला मागे सरकवता येत नाही. वायरचा हेडफोन घ्या, आणि तो लॅपटॉपला नाही, इंटरफेसला लावा. इनपुट इंटरफेसचं आणि आउटपुट लॅपटॉपच्या साउंड कार्डचं असं केलं की दोघांची घड्याळं वेगवेगळी चालतात. उशीर तर वाढतोच, वर थोड्या वेळानं चरचर सुरू होते.

आता आकडे. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं घेत नाही, तांब्या भरला की ओततो. तो तांब्या म्हणजे बफर. 48,000 सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे 48,000 नमुने, म्हणजे सॅम्पल्स) 128 सॅम्पल्सचा बफर भरायला 2.7 मिलिसेकंद लागतात, 256 ला 5.3, 512 ला 10.7, 1024 ला 21.3. हा झाला एका बाजूचा हिशोब. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, म्हणून दुप्पट करा, आणि वर कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि यूएसबीचे थोडे धरा. म्हणजे 128 वर प्रत्यक्षात सातआठ मिलिसेकंद आणि 512 वर पंचवीसच्या आसपास.

किती चालतं? हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे 10 मिलिसेकंदांत साडेतीन मीटरला जरा कमी. स्टेजवर अँपपासून तेवढ्या अंतरावर उभं राहून आपण वाजवतोच, कुणाची सम चुकत नाही. म्हणून गिटारला दहाच्या आत असेल तर मी थांबतो. 32 चा बफर मिळवण्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही. गाणाऱ्याचं मात्र वेगळं: स्वतःचा आवाज हाडांतून आधीच कानात असतो, त्यामुळे पाच मिलिसेकंदांचा उशीरही त्याला आवाज बिघडल्यासारखा वाटतो. त्याला डायरेक्ट मॉनिटरच द्या.

बफरआधी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि इंटरफेस यांना जोडणारा छोटा प्रोग्राम. विंडोजवर रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, त्यात डिव्हाइस असं गेलात की वर ऑडिओ सिस्टीमची यादी दिसते. तिथे डायरेक्टसाउंड किंवा वेव्हआउट असेल तर बफर कितीही कमी करा, ढिम्म फरक पडणार नाही. फोनवरच्या त्या ठरलेल्या वाक्याचं कारण दहापैकी आठ वेळा हेच निघतं. तिथे एएसआयओ निवडा. स्टाइनबर्ग कंपनीनं 1997 मध्ये आणलेली ही पद्धत विंडोजचा मधला मिक्सर टाळून सॉफ्टवेअरला थेट हार्डवेअरशी बोलू देते. ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीच्या साइटवरूनच उतरवा; प्लग लावल्यावर विंडोज आपणहून जे लावतं त्यावर आवाज येतो, पण वेळेवर नाही.

एएसआयओ फॉर ऑल सगळ्यांना माहीत असतं, कारण फुकट आहे. ज्याला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नाही अशा साउंड कार्डसाठी ते ठीक. ज्या इंटरफेसला स्वतःचा आहे, तिथे ते लावणं म्हणजे घरची गाडी ठेवून रिक्षा शोधणं. काढून टाका. मॅकवाल्यांना ही भानगड नाही, कोअर ऑडिओ ही मॅकची स्वतःची व्यवस्था मुळातच बरी आहे. त्यांनी सरळ बफरकडे जावं.

एक जात मात्र वेगळी: एका टोकाला गिटारचा जॅक आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली स्वस्त केबल. कॉम्प्युटरला ती माइक म्हणून दिसते, तिला हेडफोनची जागाच नसते, म्हणजे ऐकायचं लॅपटॉपमधून, आणि वर सांगितलेली दोन घड्याळांची कटकट पहिल्या दिवसापासून. तिच्यावर सराव होतो. घट्ट रिदम रेकॉर्ड करायचा असेल तर तिच्यामागे वेळ घालवू नका, साध्यातला साधा का होईना, इंटरफेस घ्या. घरात बॉस कटानासारखा यूएसबीवाला अँप असेल तर तोच इंटरफेस आहे: त्याचा ड्रायव्हर टाका, अँपमधूनच ऐका, सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद.

आता बफर. 256 पासून सुरू करा, मग 128. रीपरमध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यात इनपुट-आउटपुटचे मिलिसेकंद लिहिलेले दिसतात, त्यावर क्लिक केलं की थेट ते सेटिंगच उघडतं. बदल केल्यावर तो आकडा हलला का ते बघा. हलला नाही, तर बफर दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात आहे, बहुतेक वेळा इंटरफेसच्या स्वतःच्या कंट्रोल पॅनेलच्या. तिथे जाऊन बदला. चरचर सुरू झाली की एक पायरी वर या.

आकडा आठ दाखवतोय आणि कानाला ऐंशी वाटतोय, असं होतं का? होतं, आणि तेव्हा दोष प्लगइनचा (सॉफ्टवेअरमध्ये बसवलेल्या इफेक्टचा) असतो. काही प्लगइन्सना पुढचा आवाज आधी बघायचा असतो: लिनिअर फेज ईक्यू, लुकअहेडवाले लिमिटर. ते वेळ मागतात आणि सॉफ्टवेअर इमानदारीनं देतं. मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) असं एखादं बसलं असेल तर सगळंच उशिरा ऐकू येतं. रीपरच्या इफेक्ट्सच्या खिडकीत खाली डावीकडे सीपीयूच्या शेजारी सॅम्पल्सचा आकडा असतो. तिथे 4,096 दिसलं तर ते 48,000 ला 85 मिलिसेकंद झाले. रेकॉर्डिंगपुरते मास्टरचे इफेक्ट्स बंद करा. मॅकवरच्या लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी लो लेटन्सी (कमी उशिराचा) मोड आहे. अँप सिम्युलेटरमध्ये (अँपची नक्कल करणाऱ्या प्लगइनमध्ये) ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे दर्जासाठी वाढीव सॅम्पल रेटवर काम करण्याचं सेटिंग, असेल तर तेही वाजवताना खाली आणा, मिक्सच्या वेळी पुन्हा वर न्या.

माझा स्वतःचा रिवाज याहून सोपा आहे. गाणं अर्ध्याहून जास्त झालं, ड्रम, कीबोर्ड, दहा-बारा प्लगइन्स बसले, आणि आता लीड वाजवायची आहे. तेव्हा त्या प्रोजेक्टशी मी झगडत नाही. पूर्ण मिक्स एका स्टीरिओ वेव्ह फाइलमध्ये काढतो, नवा रिकामा प्रोजेक्ट उघडतो, टेम्पो आणि सॅम्पल रेट तोच ठेवतो, ती फाइल शून्यावर लावतो, आणि खाली एकच गिटारचा ट्रॅक, त्यावर एकच अँप सिम्युलेटर. जुन्या लॅपटॉपवरही 64 किंवा 128 बिनबोभाट चालतो. वाजवून झालं की गिटारची फाइल शून्यापासून बाहेर काढायची आणि मूळ प्रोजेक्टमध्ये तशीच शून्यावर ठेवायची.

कमी बफरवर चरचर जातच नसेल तर लॅपटॉपचा पॉवर प्लॅन पाहा. आपल्याकडे याला एक खास कारण असतं. घरातल्या प्लगला अर्थिंग धड नसतं, चार्जर लावला की गिटारमध्ये घूं घूं येते, म्हणून लोक चार्जर काढून वाजवतात. बॅटरीवर आला की लॅपटॉप स्वतःला मंद करतो आणि चरचर सुरू. एक आवाज गेला, दुसरा आला. बॅटरीवर असतानाही हाय परफॉर्मन्स ठेवा, आणि जमलं तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, ते घरासाठीही बरं. वायफाय बंद करून बघा. लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन दहा मिनिटं चालू ठेवलं तर कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतोय ते नावानिशी सांगतं. वायफायचं नाव तिथे बऱ्याचदा वर असतं. इंटरफेस यूएसबी हबवर नको, थेट लॅपटॉपला.

एवढं होऊनही एक उशीर उरतो, आणि तो वाजवताना जाणवत नाही. वाजवलं तेव्हा सगळं जागेवर होतं, पण परत ऐकताना गिटार ड्रमच्या मागे बसलेली. इथे बफरचा संबंध नाही. रेकॉर्ड झालेला तुकडा किती मागे ओढायचा हे सॉफ्टवेअर ड्रायव्हरला विचारून ठरवतं, आणि ड्रायव्हरनं चुकीचा आकडा सांगितला की सगळे टेक तेवढेच चुकतात. हे मोजून काढता येतं. एक साधी गिटार केबल इंटरफेसच्या लाइन आउटपासून इनपुटला लावा. इनपुट लाइनवर ठेवा, गेन खाली, 48 व्होल्ट (माइकला वीज देणारं बटण) बंद, डायरेक्ट मॉनिटर आणि ट्रॅकचं मॉनिटरिंग दोन्ही बंद. एखादं चालू राहिलं तर शिट्टी वाजेल. एका ट्रॅकवर मेट्रोनोमच्या क्लिकची फाइल ठेवा, दुसऱ्यावर रेकॉर्ड करा. मग दोन्ही लहरी भरपूर मोठ्या करून दोन क्लिकच्या सुरुवातींमधलं अंतर सॅम्पल्समध्ये मोजा.

दहावीस सॅम्पल्सचा फरक सोडून द्या. 48,000 ला 480 सॅम्पल्स म्हणजे 10 मिलिसेकंद, तेवढा निघाला तर मात्र रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, मग रेकॉर्डिंग इथे मॅन्युअल ऑफसेटच्या चौकटीत तो आकडा टाका आणि पुन्हा रेकॉर्ड करा. क्लिक जुळल्या तर झालं. अंतर दुप्पट झालं तर आकड्याचं चिन्ह उलटं करा. सॅम्पल रेट बदलला किंवा ड्रायव्हर अपडेट केला की ही टेस्ट पुन्हा करावी लागते, म्हणून ती क्लिकची फाइल डिलीट करू नका.