निएनहुआ छापायचंय? कागद बांधा, ठोकळा हलवा

निएनहुआ म्हणजे चिनी नववर्षाला दारांवर, भिंतींवर आणि चुलीपाशी लावायची लाकडी ठशांची चित्रं. चीनमधली यांगलिउछिंग, थाओह्वावू, चुशियनचन ही त्यांची जुनी माहेरघरं. आता युरोप-अमेरिकेतही त्यांच्या कार्यशाळा भरतात आणि तिथे सर्रास लिनोलियम (लाकडाऐवजी कोरायचा मऊ पत्रा), तेलाची शाई, प्रेस असा थाट असतो. हे तिन्ही बाजूला ठेवा. तेलाची शाई कागदावर बसते, पाण्याचा रंग कागदात मुरतो. खरा फरक तिथेच आहे.

पातळ कागदावर काढलेलं चित्र लाकडावर पालथं चिकटवा आणि रेषा ठेवून बाकीचं कोरा. नासपतीचं लाकूड उत्तम. रेषांच्या ठोकळ्याचे छाप घेऊन तेच दुसऱ्या फळ्यांवर चिकटवा आणि प्रत्येक रंगाचा वेगळा ठोकळा करा. पहिल्यांदा दोनच रंग घ्या.

आता जुळणी, म्हणजे प्रत्येक रंग रेषांमधे नेमका बसवणं. या टप्प्यानं मलाही बरंच छळलंय, म्हणून सविस्तर सांगतो. जपानी पद्धतीत ठोकळ्यावरच खाचा कोरतात आणि कागद त्यांना टेकवतात. चीनबाहेर बहुतेक हेच शिकवतात. चिनी पद्धत उलटी आहे: कागद बांधायचा, ठोकळा हलवायचा. एका उंचीची दोन टेबलं मधे वीतभर फट ठेवून लावा. उजवीकडे कागदांचा गठ्ठा एका कडेला पट्टीखाली घट्ट आवळा, डावीकडे ठोकळा ठेवा. एकेक कागद ओढून ठोकळ्यावर घ्या, पाठीवरून घासा आणि फटीत सोडून द्या.

आधी सगळ्या कागदांवर रेषा छापा. मग गठ्ठा अजिबात न सोडता रंगाचा ठोकळा ठेवा, छापलेला कागद त्यावर ओढा, बोटांनी कडा चाचपत ठोकळा सरकवा. जुळला की तो हलू नये म्हणून खाली ओलसर फडकं आणि कडांना मेण.

तरीही रंग सरकतोच. प्रत्येक कागदावर एकाच दिशेनं सरकला, तर दोष ठोकळ्याच्या जागेचा. सरकणं वाढत गेलं, तर पट्टी सैल आहे. मधे जुळतंय आणि कडांना नाही, तर कागद वाळून आकसलाय. ठोकळ्याला बोल लावू नका. चिनी नववर्ष येतं जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, तेव्हा थंड देशांत हीटर चालू असतात आणि बांधलेला गठ्ठा बघता बघता कोरडा पडतो. आदल्या रात्री कागद एकसारखे दमट करून प्लास्टिकखाली ठेवा. छापायच्या खोलीतला हीटर बंद करा, स्वेटर घाला. शाई मुरेपर्यंत थांबायचं, पण कागद ठणठणीत वाळू द्यायचा नाही. “वाळव आणि पुन्हा ओला कर” हा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या. कागद मूळ मापावर परत येईलच याचा भरवसा नाही.

फिकट रंग आधी, गडद नंतर. रंगात किंचित खळ घाला.

छिन छ्युंग आणि युछी कुंग ही द्वारपालांची जोडी दोन झडपांच्या दारासाठी. लावताना त्यांची तोंडं एकमेकांकडे हवीत. परदेशातल्या फ्लॅटला बहुधा एकच झडप असते. जोडी कापून त्यातला एकच द्वारपाल लावू नका, एकट्यानं उभा राहणारा, भुतं पळवणारा चुंग ख्वै छापा. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ घ्या. कोमट पाण्यानं ती सुटते, टेप मात्र घरमालकाचा रंगही उपटून आणते.