बार्लो रोड: जुनी गाडीवाट ओळखत चालताना

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या माउंट हूड राष्ट्रीय वनात बार्लो रोड ही स्थलांतरितांच्या बैलगाड्यांची जुनी वाट चालायला जाणारे बहुतेक लोक ३५३० क्रमांकाच्या कच्च्या रस्त्याने जातात आणि परततात. हा रस्ता बऱ्याच ठिकाणी जुन्या गाडीवाटेवरूनच जातो, पण मध्येमध्ये तिला सोडतो. तिथे खरी चाकोरी बाजूच्या झाडीत असते. ती ओळखता आली नाही, तर दिवसभर साधा जंगल रस्ता तुडवल्यासारखं होतं.

पूर्वी पूर्वेकडून आलेल्या या गाड्यांना द डॅल्स या गावापासून पुढे तराफ्यावर चढवून कोलंबिया नदीतून न्यावं लागे. १८४५ मध्ये सॅम्युअल बार्लोने माउंट हूड डोंगराच्या दक्षिणेकडून वाट शोधली आणि १८४६ मध्ये तिथे टोलरस्ता सुरू झाला. टोल गाडीमागे ५ डॉलर आणि जनावरामागे १० सेंट होता.

तयारी घरीच सुरू करा. १:२४,००० प्रमाणाचा भूरूप नकाशा घ्या. ज्या भागाची जुनी सरकारी मोजणी झाली आहे, तिथले मोजणी-नकाशे आणि मोजणीदारांच्या नोंदी इंटरनेटवर पाहायला मिळतात. या मोजणीत जमिनीचे १ मैल बाजूचे चौकोन पाडत. प्रत्येक चौकोनाच्या कडेने चालताना, गाडीवाट ओलांडली की मोजणीदार कोपऱ्यापासूनचं अंतर साखळ्यांत लिहून ठेवत. १ साखळी म्हणजे ६६ फूट (सुमारे २०.१ मीटर), आणि ८० साखळ्यांचा १ मैल. समजा ३५ साखळ्यांवर वाट ओलांडल्याची नोंद आहे. म्हणजे कोपऱ्यापासून सुमारे ७०४ मीटर, नकाशावर २.९ सेंटिमीटर. तिथे बारीक खूण करा. जुन्या मोजणीत चूक असू शकते, म्हणून खुणेच्या दोन्ही बाजूंना ५० मीटर तरी शोधायची तयारी ठेवा.

जंगलात सर्वांत जास्त फसवणूक होते ती लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यांमुळे. फरक उताराकडे पाहून कळतो. लाकूडतोडीचा रस्ता डोंगराच्या कुशीतून आडवा जातो. वरच्या बाजूला माती कापलेली, खालच्या बाजूला लोटलेली, चढ सगळीकडे जवळपास सारखा. गाडीवाट असं करत नाही. उंच भरलेली गाडी आडव्या उतारावर कलंडते, आणि बैलांच्या लांब जोड्यांना तीव्र वळण घेता येत नाही. म्हणून वाट धार किंवा सोंड पकडून सरळ चढते, सरळ उतरते. आज आपल्याला ती अकारण खडी वाटते, पण तोच तिचा पुरावा आहे.

जवळून पाहिलं की ती उथळ, गोलसर तळाच्या पन्हळीसारखी दिसते. दोन्ही कडांना बाजूला सारलेले दगड असू शकतात. पन्हळीतली झाडं कडेच्या झाडांपेक्षा लहान असली तर खूण पक्की धरा. मधोमध दोनशे वर्षांचं झाड उभं असेल, तर ती वाट नाही, पाण्याचा ओघळ आहे. पाहायला सकाळ किंवा संध्याकाळ निवडा. तिरप्या उन्हात खोलगटपणा सावलीने उठून दिसतो, भर दुपारी तीच जमीन सपाट वाटते.

सुरुवात बार्लो खिंडीतून करावी (सुमारे १,२६५ मीटर). पूर्वेकडे वाट बार्लो क्रीकच्या सोबतीने उतरत जाते. डेव्हिल्स हाफ एकरचं कुरण लागलं की कडेनेच चला. आतली जमीन ओली असते आणि पावलांनी लगेच खचते. जाताना उतार आहे, परतताना चढ, हे विसरून लोक फार पुढे जातात. जायला २ तास लागले तर परतायला ३ धरा.

लॉरेल हिल मात्र वेगळ्या दिवशी बघा. खिंडीच्या पश्चिमेला, २६ क्रमांकाच्या महामार्गालगत ही उतरंड आहे. उतार सुमारे ६० टक्के. इथे दोर झाडांच्या बुंध्यांना गुंडाळून गाड्या सोडत, मागे ब्रेक म्हणून आख्खी झाडं बांधत. चाकांनी आणि ओंडक्यांनी माती उपटली, पावसाने ती वाहून नेली, आणि उरले सुटे दगड. म्हणून तिच्यावर चढू नका: दगड खालच्या माणसावर येतात, आणि शिल्लक राहिलेला आकारही मोडतो. पायथ्यापासून नीट दिसते. (नावातलं लॉरेल म्हणजे खरं तर ऱ्होडोडेंड्रॉन, प्रवाशांनी पानं पाहून चुकीचं ओळखलं.)

बर्फ जूनपर्यंत रेंगाळू शकतो, त्यामुळे जुलै ते ऑक्टोबरची सुरुवात हा काळ बरा. जुलैत डास, शरद ऋतूत शिकारी. तेव्हा भडक नारिंगी जाकीट घाला. उन्हाळ्यात ३५३० वर वाहनंही येतात. वाहनतळावर तसा फलक असेल तिथे नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास लागतो: दिवसाचा ५ डॉलर, वर्षाचा ३० डॉलर. १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल हिवाळी वाहनतळांसाठी वेगळा स्नो-पार्क परवाना घ्यावा लागतो. ओढ्याचं पाणी गाळा किंवा १ मिनिट खळखळून उकळा. खाली व्हाइट रिव्हर लागली तर तिचं पाणी थेट फिल्टरमध्ये घालू नका; हिमनदीचा बारीक गाळ फिल्टर बुजवतो. भांड्यात रात्रभर निवळू द्या, मग वरचं पाणी घ्या. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, नकाशा कागदावर ठेवा.

खिळा, साखळीचा तुकडा, गंजलेली पट्टी दिसली तर उचलू नका, उलटूनही पाहू नका. १०० वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७९ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, आणि ती वस्तू जागेवर असते तोवरच वाट कुठून गेली ते सांगते. फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि वनखात्याच्या जवळच्या रेंजर कार्यालयात कळवा.