आधी नाली काढा, मुरूम मागून टाका

रोहिणी लागली, मृगाला आठ-दहा दिवस उरलेत, आणि जो तो बियाणं कोणतं घ्यावं, डीएपी खत कुठं मिळतंय याच्याच मागं आहे. आखाड्याच्या, म्हणजे शेतातल्या खळ्या-गोठ्याच्या वाटेकडं अजून कुणी बघितलेलं नाही. मी दरवर्षी हेच सांगतो, यंदा परत सांगतोय, पेरणी दोन दिवस मागं-पुढं झाली तर चालतंय पण पाऊस लागल्यावर वाटेवर जेसीबी आणून काही उपयोग नाही, काळ्या रानात तो स्वतःच फसतो.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांनी बघितलंय. आमच्या शिवारात एकाचं सहा एकर सोयाबीन त्यातूनही वाचलं होतं. कापलं, आखाड्यावर गंजी लावली, ताडपत्री झाकली. तीन दिवस उघाड मिळाली. मळणीयंत्र डांबरी रोडवर येऊन उभं राहिलं, मधे फक्त अर्धा किलोमीटर पांदण, म्हणजे शेतात जायची कच्ची वाट, आणि तिच्यात गुडघ्याच्या वर राडा. दोन ट्रॅक्टर जोडून ओढलं तरी मशीन आत गेलं नाही. पाचव्या दिवशी मी गंजीत हात घातला तर आतून गरम वाफ लागली, शेंगा काळ्या पडलेल्या आणि दाण्याला पांढरे कोंब. सरकारी खरेदीला 12 टक्क्यांच्या आत ओलावा लागतो, हा माल आडतीवर सुद्धा कुणी हातात धरेना. पावसातून वाचलेलं सोयाबीन वाटेनं खाल्लं.

आणि त्याच पांदणीवर त्याच उन्हाळ्यात वर्गणी करून दहा टिप्पर मुरूम टाकला होता बरं का. सगळा चिखलात गेला, कारण नाली नव्हती.

काळी माती पाणी पिली की फुगते आणि लोण्यासारखी होते. बाजूला नाली नसली की पाणी वाटेतच मुरतं, वरून भरलेली ट्रॉली गेली की मुरूम खाली जातो आणि चिखल वर येतो. मग पुढच्या वर्षी जेसीबी लावून तो चिखल खरडायचा आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर फेकायचा, असं करत करत कितीतरी पांदणी दोन्हीकडच्या वावरापेक्षा दीड-दोन फूट खाली गेल्यात, आता शिवाराचं सगळं पाणी तिथूनच वाहतं. म्हणून वाट खरडू नका, वर उचला.

जेसीबीवाल्याला काम सांगताना जवळ उभं राहा. मागच्या बकेटनं नाली काढायची, दीड-दोन फूट खोल, पण तो सरळ उभी काप मारतो आणि काळ्या मातीची उभी काप पहिल्याच पावसात ढासळून नाली बुजते. वावराकडची आणि वाटेकडची दोन्ही बाजू उतरती करून घ्या. दुसरं म्हणजे नालीची माती तो वाटेच्या कडंला ढीग करून ठेवतो, मग वाटेवरचं पाणी नालीत जाणार कसं? ती माती मधोमध ओढून घ्या, वाट आपोआप वर येते. रस्त्याच्या नियमात कच्च्या वाटेला 4 ते 5 टक्के उतार सांगतात, म्हणजे दहा फुटी वाट असंल तर मधला भाग कडंपेक्षा तीन इंच वर. माझा अनुभव असा की नुसत्या काळ्या मातीवर पाच-सहा इंच ठेवावं, एक पावसाळा झाला की ती दबून तीनवर येते. नालीचं तोंड मात्र ओढ्यालाच काढा, शेजाऱ्याच्या वावरात नको, नाहीतर भांडणात वाट बंद पडायची.

जेसीबी रोज लागत नाही. उंची एकदा दिली की पुढं ट्रॅक्टरचं ब्लेड पुरतं. वळवाचा पाऊस पडून दोन-तीन दिवस झाले, माती मुठीत दाबली की गोळा होतोय पण हाताला चिकटत नाही, तेव्हा ब्लेड तिरपं लावून कडंकडून मधे माती ओढा. नंतर भरलेली ट्रॉली फिरवा आणि दर फेरीला चाक थोडं सरकवून न्या, म्हणजे दाब सगळीकडं बसतो.

मग मुरूम. शंभर फूट लांब, दहा फूट रुंद, सहा इंच थर म्हणजे 5 ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), दबून कमी होतो म्हणून 6 धरा. एकदम फुटभर टाकू नका, सहा-सहा इंचाचे थर द्या आणि पाणी मारून दाबा. तलावाचा गाळ वाटेवर चुकून टाकू नका, तो वावरात टाकायचा.

आता काही दुकानदार रस्ता पक्का करायचं लिक्विड म्हणून कॅन विकायलेत. नाली नसलेल्या वाटेवर ते ओतलं म्हणजे पैसे चिखलात. काळ्या मातीत चुना खरंच काम करतो, प्रमाण वजनाच्या 3 ते 6 टक्के, पण हिशोब करा, वर सांगितलेल्या शंभर फुटाच्या सहा इंच थराला 4 टक्क्यानं आठ-साडेआठ क्विंटल चुना लागतो. नाली काढूनही जिथं चाक रुततंच तेवढ्या तुकड्यालाच वापरा.

बाकी कामं:
- पीव्हीसी पाईपलाईन कुठून गेली तिथं फक्कीनं (पांढऱ्या भुकटीनं) खुणा, जेसीबी यायच्या आधी
- लोंबलेल्या तारा बघणे, खाली बकेट उचलू न देणे
- मोरीला (वाटेखालून पाणी जायच्या जागी) 18 इंची सिमेंट पाईप, वर किमान फुटभर भर. बारक्या पाईपात पाचट अडकतं
- वाटेवरची बाभळ, झुडपं काढणे
- तासाचा रेट आधी ठरवणे, मीटर बघून वेळ लिहिणे
- मुरूम काढायच्या आधी तहसीलची परवानगी

कुणी वाट अडवली असंल तर मारामारी करू नका, मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडं अर्ज करा, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत, नंतर अवघड जातं.

आणि पहिला मोठा पाऊस पडत असताना खोरं घेऊन वाटेनं एक चक्कर मारा. पाणी जिथं थांबलेलं दिसंल तिथं तुराटी (तुरीची काडी) रोवून ठेवा, वापसा आला, म्हणजे माती कामाजोगी सुकली की आधी तेवढ्याच जागा नीट करा. तोवर दोन दिवस भरलेली ट्रॉली त्या वाटेनं नेऊ नका.