ई-सिगारेटचे कार्ट्रिज घरी पुन्हा कसे भरावे

कार्ट्रिज, म्हणजे ई-सिगारेटमधला द्रव साठवणारा भाग, भरणे हे पाच मिनिटांचे काम. ते बिघडते दोनच कारणांनी: सुई चुकीच्या भोकात जाते, किंवा भरल्यावर लगेच झुरका मारायची घाई होते. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो. भारतात 2019च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवणूक यांवर बंदी आहे, आणि अशी बंदी असलेले इतरही देश आहेत. तुम्ही राहता तिथला नियम आधी पाहा. ज्याला निकोटिनची सवयच नाही, त्याने या वाटेला जाऊच नये.

आत काय असते ते कळले की निम्मे काम झाले. मधोमध एक बारीक नळी असते, ती हवेची वाट. नळीभोवती द्रव असतो किंवा द्रवात भिजलेले भरण असते. खालच्या टोकाला तारेची कॉइल आणि तिला लागून कापसाची वात. कंदिलाची वात तेल ओढते तशी ही वात द्रव ओढते, कॉइल तापते आणि द्रवाची वाफ होते. म्हणजे वात कायम ओली हवी आणि मधली नळी कोरडी. पुढची सगळी काळजी या दोन गोष्टींसाठीच.

द्रव निवडताना बाटलीवरचे दोन आकडे वाचायचे. ई-लिक्विडमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल, वनस्पती तेलापासून काढलेले ग्लिसरीन, स्वादाचा अर्क आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. पहिला आकडा ग्लायकॉल आणि ग्लिसरीनच्या प्रमाणाचा: ग्लायकॉल पातळ, ग्लिसरीन दाट. छोट्या कार्ट्रिजला साधारण निम्मे-निम्मे मिश्रण मानवते. 70 टक्के ग्लिसरीनचा द्रव बारीक वातीतून वेळेवर पोचत नाही आणि कापूस करपतो. दुसरा आकडा निकोटिनचा. युरोपीय संघात मिलिलीटरला 20 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, इतरत्र 50 मिलिग्रॅमचे निकोटिन सॉल्टही (घशाला कमी झोंबणारा निकोटिनचा क्षार) मिळते. ते जोरकस वाफ देणाऱ्या उपकरणात घातले तर चक्कर, मळमळ, धडधड ठरलेली.

घरातले काहीही मात्र आत घालायचे नाही. खाद्यतेल नाही, सुगंधी तेल नाही, तेलात केलेला इसेन्सही नाही. तेलाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात गेले की एक वेगळाच न्यूमोनिया होऊ शकतो. 2019 मध्ये अमेरिकेत फुप्फुसांच्या आजाराची जी साथ आली, तिचा संबंध व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाशी लागला. तो प्रामुख्याने गांजाच्या अर्काच्या कार्ट्रिजमध्ये मिसळलेला होता. लोणीदार चवीसाठी वापरले जाणारे डायॲसिटिलही टाळा. पोटाला चालणारी गोष्ट फुप्फुसाला चालेलच असे नाही.

आता तयारी. बोथट सुईची सिरिंज, टिश्यू, रबरी हातमोजे आणि पुसता येईल असे टेबल. निकोटिन त्वचेतून शरीरात शिरते, त्यामुळे हातमोजे हौसेखातर नाहीत. द्रव अंगावर सांडला तर लगेच साबणाने धुवा. बाटली लहान मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशा कुलपाच्या जागी ठेवा. थोडासा द्रवही मुलाच्या पोटात गेला तर जीवावर बेतू शकते.

पुन्हा भरता येणारा पॉड, म्हणजे नव्या उपकरणांतले छोट्या डबीसारखे कार्ट्रिज, असेल तर काम सोपे. पॉड बॅटरीपासून वेगळा करा. बाजूला किंवा तळाशी रबरी बूच असते, ते नखाने हळूच उचला, ओढून तोडू नका. सुई भोकात तिरकी घालून द्रव सावकाश सोडा. घाई केली तर आतली हवा बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि द्रव उलटा वर येतो. काठापर्यंत भरू नका, वर थोडी हवा राहू द्या. बूच दाबून बसवले की त्या दाबाने थोडा द्रव मधल्या नळीत ढकलला जातो. पहिल्या झुरक्याला तोंडात कडू थेंब येतो तो याचाच. म्हणून बूच बसवल्यावर तोंडात धरायच्या तोटीच्या टोकाला टिश्यू धरून पॉड एकदोनदा झटका, तळही पुसा. मग दहा मिनिटे उभा ठेवा. कॉइल नवी असेल तर पॉड बॅटरीला न लावता दोन-तीन कोरडे झुरके ओढा. ओढताक्षणी चालू होणाऱ्या उपकरणात पॉड बाहेर काढूनच हे करावे लागते, नाहीतर कोरडी वातच करपते.

सिगारेटच्या आकाराचे जुने कार्ट्रिज, ज्याला कार्टोमायझर म्हणतात, त्याला जास्त सबुरी लागते. तोंडाकडचे रबरी टोपण काढले की पांढरे भरण दिसते आणि मधोमध भोक. ते भोक हवेचे. त्यात एक थेंबही नको. सुई कडेच्या भरणाला टेकवून एकेक थेंब सोडा, दर दोन-तीन थेंबांनी कार्ट्रिज थोडे फिरवा. आत साधारण एक मिलिलीटर, म्हणजे वीसेक थेंब मावतात, पण अर्धवट ओल्या भरणात त्याहून कमी. भरण चकाकू लागले आणि थेंब वर रेंगाळू लागला की थांबा. चुकून नळीत द्रव गेलाच, तर बॅटरीकडच्या टोकाला टिश्यू धरून तोंडाच्या बाजूने हलकी फुंकर मारा. उरलेला द्रव कागदावर येतो.

कारखान्यातून सीलबंद आलेला पॉड तोटी उचकटून उघडता येतो, हे खरे. पण प्लास्टिकचा काठ एकदा वाकला की गळती कायमची मागे लागते, आणि त्यातली कॉइल मुळात एकाच भरणाच्या बेताने केलेली असते. माझ्या मते हा खटाटोप परवडत नाही.

सुधारणांचेही तसेच. सुरुवातीच्या काळात लोक आतले भरण काढून चहाच्या पिशवीचा कागद किंवा मत्स्यटाकीच्या गाळणीचा निळा स्पंज घालत. द्रव थोडा बरा पोचायचाही, पण हे पदार्थ गरम कॉइलशेजारी बसायचे नसतात. बदलायचेच असेल तर वात बदला, तीही वातीसाठीच मिळणाऱ्या स्वच्छ, ब्लीच न केलेल्या कापसाची, आणि कॉइलमधून ओढताना किंचित अडेल इतपतच घट्ट. दाबून भरली तर द्रव पोचत नाही, सैल ठेवली तर गळतो. बॅटरीला हात लावू नका. लिथियमच्या सेलला शॉर्टसर्किट झाले तर तो पेट घेतो. मूळच्यापेक्षा कमी ओहमची (कमी विद्युतरोधाची) कॉइलही बसवू नका, कारण तितका विद्युतप्रवाह तो सेल सोसेलच असे नाही.

झुरका ओढताना गुळगुळ आवाज आला तर नळीत द्रव साचला आहे. झटका आणि पुसा. विमानात गळती झाली तर घाबरू नका, केबिनमधला दाब कमी झाला की आतली हवा फुगते आणि द्रव बाहेर ढकलते. प्रवासाआधी पॉड रिकामा केलेला बरा. करपट चव आली तर मात्र तिथेच थांबा: ग्लिसरीन फाजील तापले की ॲक्रोलिन हा घशाला झोंबणारा विषारी वायू तयार होतो. द्रव पुरेसा असूनही चव करपटच राहिली तर कॉइल संपली, पुन्हा भरून उपयोग नाही. तो पॉड निकोटिनसह घट्ट पिशवीत बांधून टाका. सेल असलेला भाग घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.