नागपुरात रेट्रो नाइट करायचीय? पबच्या आधी सदर-बर्डी बघा

रेट्रो नाइट म्हटलं की लोकं पहिले पबचं पोस्टर शोधतात. जाऊ नका असं नाही म्हणत, पण तिथे होते काय की भिंतीवर दोन जुने पोस्टर, गाणी सगळी रिमिक्स, अन बिल मात्र एकदम आजचं. आपल्या नागपुरात अख्खी संध्याकाळ जुन्या थाटात काढता येते ना बाप्पा, जागा आहेतच, फक्त एकामागून एक नीट लावायच्या.

पहिलं काम, दशक ठरवा. ग्रुपवर नुसतं "रेट्रो" लिहिलं तर एक जण बेलबॉटममध्ये येतो, दुसरा गांधी टोपीत आणि तिसरा ऑफिसच्या टीशर्टात. माझं मत विचाराल तर सत्तरचं दशक घ्या, कारण सामान घरातच निघते. आईची ठिपक्यांची साडी, बाबांचा मोठ्या कॉलरचा शर्ट, गॉगल, आणि पोरांनी कल्ले वाढवायला पंधरा दिवस आधीपासून सुरुवात करायची. बेलबॉटम विकत घेऊ नका, जुन्या पॅंटची गुडघ्याखालची शिवण उसवून तिकोनी कळी टाकायला सांगा, गल्लीतला कोणताही टेलर करून देईल. नव्वदचं पाहिजे असेल तर अजूनच सोपं, ढगळ जीन्स आणि कमरेला बांधलेला चेक्सचा शर्ट, झालं.

भेटायचं कुठे? बर्डी म्हणजे सीताबर्डी, तिच्याजवळच्या झिरो माईलच्या खांबापाशी. साडेपाच वाजता, आणि "कुठपर्यंत आला बे" असा फोन करायचा नाही, आधी लोकं वेळ ठरवून उभेच राहायचे ना. उन्हं उतरताना तो दगडी खांब आणि ते घोडे फोटोत मस्त येतात. जवळच सिव्हिल लाइन्समध्ये जीपीओची म्हणजे मुख्य पोस्टाची इमारत आहे, तिच्यासमोर सत्तरचे कपडे घालून उभं राहिलं की मागचं बॅकग्राउंड वेगळं शोधावं लागत नाही. नागपूर 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, तो रुबाब या भागात अजून दिसते. फोटोचा एक नियम ठेवा, एकाच्याच हातात कॅमेरा किंवा फोन आणि पूर्ण रात्रीत फक्त 36 फोटो, जुना रोल तेवढाच असायचा. काढलेला फोटो लगेच बघायचा पण नाही. पहिले दहा मिनिटं सगळे चिडतात, मग खरंच पोझ देऊन, पोट आत घेऊन फोटो निघतात.

तिथून सदर. इंडियन कॉफी हाऊसमध्ये बसा, हे कामगारांच्या सहकारी संस्थेचं आहे, पगडीवाले वेटर आणि कॉफी, याच्यापुढे थीम रेस्टॉरंट काय करणार. उशिरा जाऊ नका, बंद व्हायची वेळ आधीच विचारून ठेवा. याच सदरमध्ये लिबर्टी, स्मृती या टॉकीज, बरोबर घरातलं कोणी मोठं माणूस असेल तर त्यांना विचारा कोणता पिक्चर कुठे पाहिला, ब्लॅकमध्ये तिकीट कितीला घेतलं, अर्धा तास कसा जाते कळत नाही.

आता खरा मुद्दा, गाणी. देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, इथे जुन्या गाण्यांचे कार्यक्रम होत असतात, पेपरातला "शहरात आज" टाइपचा कोपरा बघत राहा. काही कार्यक्रमांना तिकीट नसते, पासेस असतात, ते आधी आणा. गाणारे बरेचदा बँकेतले, शाळेतले हौशी लोकं असतात, एखादा सूर इकडेतिकडे जाते, पण "वन्स मोअर" ओरडायची मजा मोबाइलच्या स्पीकरवर येत नाही. त्या दिवशी कार्यक्रम नसेल तर कॅसेट खेळा. 60 मिनिटांची प्लेलिस्ट, 30 मिनिटं ए साइड, 30 बी साइड, मधलं गाणं पुढे ढकलायचं नाही. आवडो न आवडो, पूर्ण ऐकायचं.

जेवायला सावजी, म्हणजे आपलं नागपुरी झणझणीत जेवण, दुसरा विचारच नको. मटण नाहीतर पाटोडी रस्सा. पांढरं बेलबॉटम असेल तर मांडीवर रुमाल टाका, त्या तर्रीचा डाग सर्फच्या बापाला निघत नाही. नंतर जळजळ शांत करायला दिनशॉचं आइस्क्रीम, ते पण 1932 पासूनचं नागपूरचंच.

दहा वाजता गाडीतला रेडिओ विविध भारतीवर लावा, छायागीत लागते. मेट्रोने परतायचं असेल तर शेवटची गाडी चुकते बरं, वेळ बघूनच निघा. खर्चाचे पैसे सगळ्यांकडून आधीच कॅशमध्ये जमा करून एकाकडे द्या, स्कॅनर काढला की थीमची वाट लागली.

तारीख धरताना एवढं बघा, हिवाळी थंडी छान असते पण डिसेंबरात अधिवेशन चालू असलं की सिव्हिल लाइन्सभर बॅरिकेड्स, पोलीस आणि मोर्चे, तिथे ठिपक्यांच्या साड्यांमध्ये फोटो काढत बसणं जमणार नाही. जानेवारी घ्या. उन्हाळ्यात करायचीच असेल तर साडेपाच विसरा, आठ नंतर निघा आणि कोट घरीच ठेवा.